एका होडीचे दोन इतिहास

३ फेब्रु. १९८७, मंगळ.
वापीहून येऊन पाच दिवस झाले. मामीच्या हातचं खाऊन लोळायचं, मग बोईसरला लतीफला गाठायचं, त्याच्या ट्रकवर क्लीनर म्हणून राजकोट. एवढाच बेत होता. आज मामाने पुढ्यात कागद टाकला. पालघरच्या हापिसातून. 'उतारू वाहून नेणाऱ्या जुन्या नौकांचा पूर्वेतिहास सादर करावा व नंतर नौका तपासणीस हजर ठेवावी, अन्यथा परवाना रद्द समजण्यात येईल.'
मामा तरीच्या होडीचा तांडेल, म्हणजे खाडीपार माणसं नेणारी होडी हाकणारा. सही येते, बाकी लिहिणं नाही.
"तू लिव. तुजा अक्षर चांगला हाय."
दोनदा मॅट्रिकला आपटलो तेव्हा कोणी अक्षर बघितलं नव्हतं.
म्हटलं, दोन दिवसांत देतो. होडीचा इतिहास असून असणार काय? या काठावरून त्या काठावर, त्या काठावरून या काठावर. संपला.

५ फेब्रु., गुरु.
संपला नाही.
दामूबाबाकडे गेलो. आमच्या अल्याडच्या काठावर सगळ्यात म्हातारा तोच. विचारलं, होडी कधी बांधली?
"माजा लगीन झाला तवा होती."
लग्न कधी झालं?
"होडी आली त्याच्या मागनं."
असे दोन तास. मध्ये सुपारीच्या बागेचा बांध भावाने कसा सरकवला ती हकीकत, दातदुखीवरचं औषध, आणि मी लग्न का करत नाही. वहीत उतरलं ते इतकंच: लाकूड सागाचं, वरून जंगलातून आणलं. अर्धं अल्याडच्यांनी, अर्धं पल्याडच्यांनी. पाण्यात ढकलायच्या दिवशी नावावरून भांडण. आमच्यांना शितळाई पाहिजे, समोरच्यांना आशापुरी. प्रत्येकाला आपली देवी. सुतार वैतागला, म्हणाला, उजव्या अंगाला एक लिहा, डाव्या अंगाला दुसरं, आणि मला जाऊ द्या. (सगळ्या इतिहासात हा एकच शहाणा भेटला. त्याचं नाव कोणाला आठवत नाही.)
तेव्हापासून नारळी पुनवेला अल्याडचे उजवं अंग रंगवतात, निळं. पल्याडचे डावं, हिरवं. दुसऱ्याच्या अंगाला ब्रश लावायचा नाही. फळी फुटली तर ज्याची त्याने बसवायची.
हे मला लहानपणापासून माहीत. पण आज कागदावर लिहिलं आणि वाचलं, तर वेड्यांचं गाव वाटलं.

८ फेब्रु., रवि.
सकाळच्या भरतीला पल्याड. हिराआते बोंबील वाळत घालत होती. ती मामीची चुलत आते, म्हणून सगळ्यांचीच आते. समोरच्या काठाचा इतिहास तिच्याकडे. बसायला सांगितलं नाही, उलट हातात बोंबील दिले, घाल म्हणाली.
"शितळाईबद्दल विचारायचं होतं," मी म्हटलं.
"शितळाई? ती कोन?"
"होडी, आते."
"होडी आशापुरी हाय. शितळाई मना माहीत नाय."
चाळीस-पन्नास वर्षं ही बाई त्याच होडीने केळव्याच्या बाजाराला येते. आणि खोटं बोलते असंही नाही म्हणवत. मामाची रीतच तशी. धक्क्याला लागताना होडीचं तोंड कायम समुद्राकडे. दर्याला पाठ दाखवायची नाही, हे त्याच्या बापाने शिकवलं. त्यामुळे अल्याडच्या धक्क्याला उजवं अंग लागतं, पल्याडच्या धक्क्याला डावं. ज्याला त्याला काठावरून आपलंच नाव दिसतं.
लाकडाचं विचारलं. "लाकूड सगला आमचा. तुमी खिले दिलंत. ते पन गंजके."
बोंबील घालून हात दोन दिवस वास मारणार.

११ फेब्रु., बुध.
बोईसर. लतीफला सांगितलं, आठ दिवस थांब. तो म्हणाला, "अरे, नाव की क्या हिस्ट्री? पानी में जाती है, वापस आती है." हेच मी मामाला म्हणालो होतो.
कुंभवलीला एक मिस्त्री राहतो, त्याने होडीला इंजिन बसवलेलं. त्याच्याकडे निघालो. वाटेत मैदानात कबड्डी. एक काळा, लुकडा पोरगा चवड्यावर असा फिरायचा की बघत राहिलो. फायनलपर्यंत. तो हरला. मिस्त्री तोवर सेकंड शिफ्टला गेलेला. लतीफच्या खोलीवर झोपलो.

१२ फेब्रु., गुरु.
मिस्त्री भेटला. इंजिन पाण्याच्या पंपाचं होतं म्हणाला. वर्ष आठवत नाही. "आठवत नाही" या शब्दांनीच वही भरत चालली. पण निघताना म्हणाला, "दो अर्ज़ी लिखवाई थी मुझसे. दोनों गाँव वालों ने, अलग अलग. इंजन एक, अर्ज़ी दो. मैंने सोचा, इधर का क़ायदा होगा."
तेव्हा हसलो.

१७ फेब्रु., मंगळ.
हसायला नको होतं. पालघर. हापिसात दोन फायली निघाल्या. एक शितळाई, रंग निळा, यांत्रिक. दुसरी आशापुरी, रंग हिरवा, यांत्रिक. प्रत्येकीला वेगळा परवाना. इतकी वर्षं.
कारकून म्हणाला, "दोन इतिहास आणा. दोन्ही होड्या हजर करा."
"साहेब, होडी एकच आहे."
"एक म्हणजे? दुसरी बुडाली? कळवलं का नाहीत?"
"बुडाली नाही. दुसरी नव्हतीच."
त्याने चष्मा काढला. "एका होडीवर दोन परवाने चालवलेत, असं लेखी देता? द्या. दोन्ही रद्द करून टाकतो, माझं काम हलकं."
परत येताना स्टेशनवर दोन वडे खाल्ले. चव नाही लागली. परवाना गेला तर मामाने काय करायचं? बावन्न वर्षांचा माणूस, खाडी सोडून त्याला रस्ता धड ओलांडता येत नाही. आणि टोपलीवाल्या बाया, शाळेच्या मुली, कारखान्यात जाणारे, सगळे सफाळ्यावरून फिरून यस्टीने येणार. अर्धा दिवस जाण्यात, अर्धा येण्यात.

२० फेब्रु., शुक्र.
आमच्या धक्क्यावर बैठक. पल्याडचे आले, अर्थात त्याच होडीने.
मी म्हटलं, खरं सांगून टाकू. एक होडी, एक परवाना मागू.
दामूबाबा: "बरोबर. खरा लिवायचा. शितळाई लिव."
हिराआते: "खरा लिवायचा तर आशापुरी लिव. शितळाई कापून टाक."
"कापून टाक? देवीला कापतेस?"
"तुजी देवी कापली तर तुज्या पोटात दुकतंय, माजी कापली तर?"
दीड तास. शेवटी या दोन गावांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं: दोन इतिहास लिहायचे. दोन होड्या आहेत असंच दाखवायचं. लिहिणार कोण? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.
मामाला विचारलं, तू बोल काहीतरी. तो दोर वळत बसलेला. "मी तांडेल. मना काठावरचा इचारू नको."

२५ फेब्रु., बुध.
एका होडीचं आयुष्य चिरून दोन करतोय. चार दिवस. डोकं उठलं.
इंजिनाची गोष्ट आशापुरीला दिली. दामूबाबा रुसला. मग शितळाईला अणुशक्ती केंद्राच्या बांधकामाची वर्षं दिली, मजूर कसे भरभरून जायचे ती. हिराआते म्हणाली, आमचे मजूर नव्हते काय? अर्धे मजूर इकडे, अर्धे तिकडे.
एका पावसाळ्यात नांगरलेली होडी पाण्याने भरून तळाला बसली होती. माणूस नव्हतं कोणी. ही गोष्ट कोणीच घेत नाही. "तुमच्या अंगानं पानी भरला." "नाय, तुमच्या." शेवटी ती गोष्ट घडलीच नाही.
आणि मामाचं लग्न. ते दोघांनाही पाहिजे. मामा अल्याडचा, मामी पल्याडची. वऱ्हाड येताना खाडीत वारा पडला, शीड लोंबलं, मुहूर्त टळायला आला. भटजी होडीतच होता. शिडाचा अंतरपाट धरला आणि होडीतच लावून टाकलं. हिराआते म्हणते नवरी आमची, म्हणजे आशापुरीवर. दामूबाबा म्हणतो नवरा आमचा, शितळाईवर. दोघांचे निरोप दिवसाला तीन. आज रात्री कंटाळून दोन्हीकडे लिहिलं. शब्दसुद्धा बदलले नाहीत. मरू दे. हापिसात कोण वाचतंय?

२ मार्च, सोम.
दोन्ही इतिहास दिले. कारकुनाने न वाचताच शिक्के मारले. बघा, म्हटलं होतं.
तपासणी शुक्रवारी १३ला. साहेब सकाळी अल्याडच्या धक्क्यावर शितळाई बघणार, मग जीपने फिरून दुपारी पल्याड आशापुरी बघणार. जीपला दोन तास तरी. तेवढ्यात मामा होडी घेऊन पल्याड. सगळे खूश. दामूबाबाने मला पाठीत थाप मारली, अजून दुखतेय.
लतीफला निरोप धाडला, १४ला येतो.

१२ मार्च, गुरु.
रंगकाम. निळ्याचा एक ओघळ होडीच्या नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, हिरव्यात गेला. पल्याडचे चौघे धावत आले, रॉकेल घेऊन. उद्या संपेल हे सगळं.

१३ मार्च, शुक्र.
क्रमाने लिहितो.
साडेदहाला साहेब. भरती चांगली होती. बारीक, शांत माणूस, पायात कॅनव्हासचे बूट. सोबत तोच कारकून. शितळाई बघितली, फळ्या ठोकून, आत वाकून. "ठीक आहे," म्हणाला. दामूबाबा फुलला. शहाळं दिलं. शहाळं पिता पिता साहेब समोरच्या काठाकडे बघत होता.
"ते पलीकडे दिसतं तेच गाव ना? मग जीपने कशाला फिरायचं? याच होडीने सोडा की."
दामूबाबाच्या हातातला कोयता तसाच. मी म्हटलं, साहेब, भिजाल. "भिजू." आणि चढून बसला. मागोमाग कारकून, मी आणि टोपली घेऊन मामी.
मामाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. इंजिन सुरू केलं.
पल्याड हिराआते लुगडं बदलून, हार घेऊन उभी. दुपारी येणारा साहेब सकाळीच आणि कुठून उतरतोय ते तिने बघितलं आणि हार पाठीमागे लपवला. साहेब उतरला, दहा पावलं चढला, वळला. समोर ताजं हिरवं अंग. आशापुरी. अक्षरं ही एवढी.
साहेबाने नाव वाचलं. मग मामाकडे बघितलं.
"तुम्ही दोन्ही होड्यांवर तांडेल?"
"हां सायेब. एका टायमाला एकच."
कारकुनाला खोकला आला. साहेब धक्क्यावर बसला, पिशवीतून माझे दोन्ही इतिहास काढले. वाचले होते त्याने! पेन्सिलीच्या खुणा होत्या!
"शितळाईवर पांडुरंग तांडेलांचं लग्न लागलं. वारा पडला, शिडाचा अंतरपाट. छान लिहिलंय." पान उलटलं. "आशापुरीवरसुद्धा पांडुरंग तांडेलांचं लग्न लागलं. तोच वारा." वर बघितलं. "दोन लग्नं का तुमची?"
मामी टोपली घेऊन उभी होती. तीच बोलली. "एकच झाला, सायेब. तेवढाच पुरला."
आख्खा धक्का हसला. साहेबही हसला, पण थोडंच. मग मामाला म्हणाला, पाण्यात एक गोल फेरी मारा. मामाने मारली. आधी हिरवी, मग निळी, मग हिरवी.
"मी एक होडी बघितली का दोन, ते अजून लिहिलेलं नाही," साहेब म्हणाला. "होडी मजबूत आहे. ३१ तारखेच्या आत एक अर्ज द्या. एक होडी, एक नाव, दोन्ही गावांच्या सह्या. नवा परवाना देतो. अर्ज आला नाही, तर जे बघितलं ते लिहीन."
परत त्याच होडीने गेला. उतरताना मला विचारलं, "तुम्ही लिहिलंत?" म्हटलं, हो. "बुडाली होती ते का गाळलंत? आत चिखलाची रेघ दिसते."

१४ मार्च, शनि.
लतीफकडे गेलो नाही. अर्ज लिहून ठेवला. दहा ओळी. नावाची जागा सोडली. मला वाटलं, एवढी मोठी नामुष्की झाल्यावर दोघं म्हातारे दहा मिनिटांत ठरवतील.

२१ मार्च, शनि.
आठ दिवस. होळी झाली, धुळवड झाली, मी तीसेक वेळा खाडी ओलांडली.
तिसरंच नाव ठेवू म्हटलं. दामूबाबा: "मंग दोनी देव्या कोपतील. आता एक तरी बाजूनं हाय."
चिठ्ठी टाकू म्हटलं. हिराआते: "देवीचा नाव चिठ्ठीत घालतंस? तुजा नाव घालते चिठ्ठीत नि खाडीत टाकते."
कागदावर एक नाव, होडीवर दोन्ही राहू देत, म्हटलं. दोघांनाही पटलं! फक्त कागदावर आपलं पाहिजे.
हिराआतेला म्हटलं, आते, होडीच बंद झाली तर? ती म्हणाली, "माज्या बापानं त्या लाकडापायी बैल विकलान. नाव पुसू कसा?" दामूबाबाच्या घरी गेलो, तोही असंच काही सांगेल वाटलं. तो झोपला होता. किंवा झोपेचं सोंग.
लतीफचा निरोप: ३०ला संध्याकाळी सहाला निघतो. त्यानंतर नाही.

३० मार्च, सोम.
होडीत लिहितोय. खाडीच्या मधोमध. अक्षर हलतंय.
उद्या शेवटची तारीख. पिशवी भरून मामाकडे निरोप घ्यायला गेलो. दुपारी दोनची वेळ, अमावास्येचं उधाण, पाणी काठोकाठ. तो म्हणाला, अर्ज घेऊन होडीत बस. दामूबाबा आधीच आत होता. मामाने त्याला सांगितलेलं, चल, हिरा सही करते. पल्याड हिराआतेला घेतलं. तिला सांगितलेलं, चल, दामू सही करतो. बाकी कोणाला चढू दिलं नाही. मामाला खोटं बोलताना मी पहिल्यांदा बघितलं, आणि एकदम दोन.
मध्यावर येऊन इंजिन बंद. नांगर टाकला. इथे तळाला वाळूचा उंचवटा आहे, ओहोटी लागली की होडी वाळूवर बसते, ती पुढच्या भरतीपर्यंत.
मामा उभा राहिला. म्हणाला, "तीस वर्सं दोनी काठांना तोंड दिलंय. आता तुमी द्या."
मग बिडी पेटवून बसला.
पहिला अर्धा तास दोघांनी मामाला शिव्या दिल्या. मग मला. (मी काय केलं?) मग एकमेकांना, पार बैल आणि खिळ्यांपर्यंत. आता बसलेत. एकाच फळीवर, एक निळ्याकडे तोंड करून, एक हिरव्याकडे. दामूबाबाला ऊन लागत होतं. हिराआतेने टोपलीवरचं फडकं त्याच्या अंगावर फेकलं. दिलं नाही, फेकलं.
दोन्ही धक्क्यांवर माणसं जमली आहेत. मामी हात करतेय. अल्याडून कोणी ओरडतोय, पल्याडून कोणी ओरडतोय, कळत कोणाचंच नाही. साडेतीन झाले असतील. आत्ता उडी मारली, पोहत काठ गाठला, पळत स्टेशन गाठलं, तर लतीफ अजून मिळेल. पण अर्ज माझ्या खिशात, भिजेल. मामाला दे म्हटलं तर तो घेत नाही.
पेन हिराआतेच्या पुढ्यात ठेवलं होतं. तिने उचललं. दामूबाबाकडे सरकवलं. त्याने टोपण काढलं, बघितलं, परत लावलं. परत तिच्याकडे सरकवलं. ही तिसरी वेळ.
तळाला काहीतरी घासलं आत्ता.
हिराआते: "तांडेला, पानी उतरतंय."
मामा: "उतरू दे."